चाकोरीतून मागे

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, तेकापो सरोवराच्या खालच्या अंगाला, स्टेट हायवे ८ जवळच्या एका कॅम्पच्या मैदानात लाकडी खुंटाला बसवलेला पाण्याचा नळ आहे. खुंट कमरेइतका उंच. तो अजून जरा कललेला असेल, तर ते काम माझं.

आठ दिवस मोटरहोम चालवून झाली होती. घाट झाले, एकेरी पूल झाले, समोरून येणारे लाकडाचे ट्रेलर झाले. कुठे ओरखडा नाही. आणि मग एका सकाळी, काटा शून्यावरून धड हललाही नसताना, पंधरा मिनिटांत दोन अपघात केले. आधी गाडीच्या मागच्या कोपऱ्याने नळाचा खुंट वाकवला. मग पुढची दोन्ही चाकं गवतात रुतवून ठेवली. पुढे या गाड्यांवर राहणारी बरीच मंडळी भेटली, आणि ज्याला त्याला हा किस्सा सांगितला की समोरून त्याचाही एक किस्सा येई. कुणाचं छत, कुणाचं दार, कुणाची पायरी. रस्त्यावरचा किस्सा एखादाच. बाकी सगळे जागा लावतानाचे, नाहीतर जागेवरून निघतानाचे.

याचं कारण मला वाटतं असं, की मोटरहोम चालवताना आपण ट्रक चालवत असतो, पण थांबायची जागा दिसली की तिचं डोक्यात घर होतं. गाडी अजून चालू असते आणि मन मात्र चपला काढून चहाचं आधण ठेवायला लागलेलं असतं.

आणि ट्रक तो असतोच. आमची गाडी सात मीटर लांब होती, म्हणजे दोन अल्टो एकामागे एक. रुंदी सव्वादोन मीटर, उंची तीन मीटर वीस, म्हणजे साडेदहा फूट. भरल्यावर वजन साडेतीन टनांच्या आसपास. तरीही ती चालवायला वेगळा परवाना लागत नाही. तिथे साध्या मोटारीच्या परवान्यावर ६,००० किलोपर्यंतची गाडी चालते, आपल्याकडच्या एलएमव्ही परवान्यावर तर ७,५०० किलोपर्यंतची. त्यातून तिथेही गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे मराठी माणसाला पहिल्या तासातच आपण तयार झालो असं वाटतं. काउंटरवरच्या मुलीने परवाना बघितला, एक व्हिडिओ दाखवला, किल्ली हातात दिली. गॅस कसा लावायचा, संडासाची टाकी कशी रिकामी करायची, सगळं त्या व्हिडिओत होतं. शेपूट किती बाहेर जाते, ते नव्हतं.

आदल्या संध्याकाळी आम्ही उशिरा पोचलो. एप्रिलअखेर म्हणजे तिकडची शरद, साडेपाच-पावणेसहालाच सूर्य बुडतो. वाटेत पुकाकी सरोवराकाठी मोकळ्यावरच मुक्काम करू असं घाटत होतं, पण त्याचे नियम कडक आहेत. २०११ च्या फ्रीडम कॅम्पिंग कायद्यात २०२३ साली बदल झाला. आता सार्वजनिक जागेवर गाडीत झोपायचं, तर बहुतेक ठिकाणी गाडी ‘स्वयंपूर्ण’ असल्याचा दाखला लागतो, आणि त्यासाठी आत पक्का बसवलेला संडास लागतो, सुटा चालत नाही. आमचा दाखला होता, पण नेमकी कुठली जागा चालते ते अंधारात वाचता येईना. म्हणून मुकाट्याने पैसे भरून कॅम्पमध्ये शिरलो. खडीचे प्लॉट भरलेले होते. गवतावरचा एक दिसला, किंचित चढाचा. तोंड चढाकडे करून गाडी घातली, नळ उजव्या हाताला आला, ‘वा, पाणी पण जवळ,’ म्हणालो आणि चावी फिरवून बंद केली. रात्रभर पाऊस पडला. पत्र्यावरचा पाऊस ऐकत झोपायला काय छान वाटतं, असंही मी बोललो होतो.

सकाळी सरळ मार्ग होता तो मागे येऊन खडीच्या रस्त्याला लागण्याचा. पण मागे घ्यायचा मला कंटाळा. पुढे मोकळं गवत दिसत होतं. डावीकडे वळसा घालून बाहेर पडू म्हटलं. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं आणि डाव्या आरशात बघत गाडी सोडली. बायको डाव्या बाजूला उभी राहून हात हलवत होती. दीड-दोन मीटर गेलो असेन, तोच उजव्या अंगाने ‘कड्’ असा आवाज आला. “अहो, थांबा!” हे त्यानंतर आलं.

हे का झालं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण मोटार चालवणाऱ्याच्या हाताला याची सवयच नसते. वळताना गाडी बाजूच्या एका बिंदूभोवती फिरते, आणि तो बिंदू मागच्या आसाच्या रेषेत असतो. आसाच्या पुढचं अंग वळणाच्या दिशेने जातं. आसाच्या मागे लोंबणारं अंग मात्र उलट बाजूला फेकलं जातं. आपल्या मोटारीत हे मागचं लोंबणं पाऊण-एक मीटरचं. मोटरहोममध्ये मागे पलंग किंवा न्हाणीघर बसवायचं म्हणून ते दोन-सव्वादोन मीटर केलेलं असतं. फेक मात्र त्याच प्रमाणात वाढत नाही. ती जवळजवळ वर्गाच्या हिशोबाने वाढते. लांब गाडी मोठ्या वर्तुळात वळते म्हणून थोडी सूट मिळते, इतकंच. कागदावर आकडे मांडले तर पूर्ण वळणात मोटारीची शेपूट आठ-नऊ सेंटिमीटर बाहेर जाते, म्हणजे चार बोटं. मोटरहोमची जाते तीसच्या वर, म्हणजे चांगली एक फूट. आणि ही फेक पहिल्या दोनेक मीटरांतच पुरी होते. गाडी हलली-न हलली एवढ्यात.

माझा नळ गाडीपासून वीतभर लांब होता. वळताना माणसाची नजर आतल्या बाजूला असते, ठोका बाहेरच्या बाजूला बसतो. बाजूला खांब, भिंत किंवा दुसऱ्याची गाडी असेल तर आधी सरळ पुढे जायचं, गाडीची शेपूट त्या अडथळ्याच्या पुढे निघेपर्यंत, आणि मगच वळायला घ्यायचं. आपले एसटी ड्रायव्हर हे रोज करतात. ते स्टँडवरून बस काढताना इतकं पुढे का नेतात, असा प्रश्न मला लहानपणी पडायचा.

खुंट वाकल्यावर उतरून बघायला हवं होतं. मी काय केलं, तर लाजेपोटी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. चाकं गरगरली, बायकोच्या जॅकेटवर चिखलाची रांगोळी उमटली, आणि गाडी दोन इंच खाली बसली.

ओल्या गवतावर टायरची पकड कोरड्या डांबराच्या मानाने तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येते. त्यात आमची गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाणारी होती. अशा गाडीत पलंग, पाण्याची टाकी, सामान, सगळं मागे. म्हणजे भरलेल्या गाडीचं निम्म्याहून कमी वजन ओढणाऱ्या चाकांवर. तोंड चढाकडे असलं की त्यातलंही थोडं मागे सरकतं, आणि जोर दिला की आणखी थोडं. ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होतात. शिवाय रुतलेलं चाक सतत स्वतःच्याच खड्ड्यातून चढत असतं, त्यामुळे लागणारी ताकद वाढत जाते. एकदा चाक जागच्या जागी फिरलं की गवताची मुळं फाटतात, खालची माती वर येते आणि टायरच्या खाचा लिंपून टायर गुळगुळीत होतो. म्हणजे पहिला प्रयत्न हाच सगळ्यात चांगला प्रयत्न असतो. दुसरा, तिसरा फक्त खड्डा खणतात.

या बाबतीत कर्ण माझ्यापेक्षा शहाणा. चाक रुतल्यावर त्याने घोड्यांना चाबूक ओढायला लावले नाहीत, तो खाली उतरला आणि चाकाशी गेला. वेळ वाईट होती, पण पद्धत बरोबर होती.

क्राइस्टचर्चला राहणाऱ्या भाच्याला फोन लावला. “मामा, आधी पाय काढ त्याच्यावरून,” तो म्हणाला. “आणि पहिल्या गिअरमध्ये रेटू नकोस. आपटलास का काही?” शेवटच्या प्रश्नाला मी जरा वेळाने उत्तर दिलं.

एवढ्यात कॅम्पचे म्हातारे राखणदार गुडघ्यापर्यंत गमबूट घालून आले. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. आधी गाडीभोवती एक फेरी मारली, मग चारी चाकांजवळ गमबुटाची टाच जमिनीत दाबून बघितली. मागच्या चाकांजवळ टाच बसली नाही. पुढच्या चाकांजवळ बुडाली. मागे, माझ्या कालच्या चाकांच्या खुणांवर, पुन्हा बसली नाही. त्यांनी अंगठ्याने मागची दिशा दाखवली.

मराठीत चाकोरी म्हणजे मुळात चाकांनी पाडलेली वाट. चाकोरीबाहेर जाणाऱ्यांचं आपण एरवी फार कौतुक करतो. पण काल गाडी ज्या चाकोरीने आत आली होती, ती साडेतीन टनांखाली दाबून घट्ट झालेली होती आणि उताराची होती. बाहेर पडायची वाट तीच.

मग त्यांनी सांगितलं तसं केलं. गाडीतल्या पाण्याची टाकी सोडून दिली. एक लिटर म्हणजे एक किलो, आमच्याकडे शंभरेक लिटर होतं. पण ती टाकी मागच्या अंगाला होती म्हणून. पुढच्या आसावर असती तर उलट भरून ठेवायला सांगितलं असतं, कारण तिथे वजन हवंच असतं. स्टिअरिंग सरळ केलं. वाकडं चाक म्हणजे दारात आडवा घातलेला पाय. पुढच्या चाकांच्या मागच्या बाजूचा चिखल हाताने उकरला आणि तिथे राखणदारांनी आणलेले जुन्या गालिच्याचे तुकडे सारले. खरबरीत बाजू टायरकडे. चाकासमोर किंवा मागे रेषेत कुणी उभं राहायचं नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं, कारण चाकाखालचा तुकडा निसटला की बंदुकीसारखा सुटतो. मग रिव्हर्स, क्लच हळू, इंजिन जेमतेम. एकदा अडली. थोडी पुढे जाऊ दिली, पुन्हा मागे, झोक्यासारखं. तिसऱ्या झोक्याला गाडी खडीवर आली.

नाहीच आली असती तर ट्रॅक्टर होता. पण ओढून घेण्यातही एक मेख आहे. बहुतेक गाड्यांना ओढायची कडी बंपरवर लटकलेली नसते. ती हत्यारांच्या पिशवीत सुटी ठेवलेली असते आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून आत पिळून बसवावी लागते. ती न शोधता घाईने बंपरला किंवा आसाला दोर बांधला की गाडी बाहेर येण्याआधी बंपर बाहेर येतो.

रुतणं आणि शेपूट या दोन गोष्टी माझ्या वाट्याला आल्या. तिसरी, छताची, थोडक्यात चुकली होती. शहरातल्या बंदिस्त पार्किंगची कमान बहुतेक वेळा दोन-सव्वादोन मीटरांवर असते. आपली गाडी त्याच्यावर मीटरभर. मोटार चालवणाऱ्याने आयुष्यात कधी वर बघितलेलं नसतं, त्यामुळे गाडीची उंची कागदावर लिहून नाकासमोर चिकटवावी लागते. फांद्या पाटी लावत नाहीत, तेव्हा तिथे उतरूनच बघायचं. चौथी गोष्ट दाराची. मॅकेन्झीच्या त्या उघड्या पठारावर वायव्येचा वारा सुटला की पाठीवर वारा घेऊन उभ्या केलेल्या गाडीचं दार उघडताक्षणी हातातून सुटतं आणि बिजागरीसकट उलटं वळतं. म्हणून तिथे गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावतात. आर्थर्स पास भागात किआ नावाचे डोंगरी पोपट काचांभोवतीचं रबर सोलून काढतात. त्याला काही उपाय नाही, त्यांना दुसरा उद्योग नाही.

गाडी समतल लावा, असंही सगळे सांगतात, ते फक्त झोपेसाठी नाही. गॅस आणि वीज दोन्हीवर चालणारे मोटरहोममधले बरेच फ्रिज अमोनिया आणि पाण्याच्या मिश्रणावर चालतात आणि ते मिश्रण नळ्यांमधून केवळ उताराने वाहतं. गाडी जास्त कलली की ते एका ठिकाणी तुंबतं, थंडावा थांबतो आणि बराच वेळ तसाच चालू ठेवला तर फ्रिज कायमचा बिघडतो. त्यासाठी चाकाखाली प्लास्टिकच्या पाचरी सारतात. पाचरीवर चढवलेली गाडी मग हँडब्रेकच्या भरवशावर असते. हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो, म्हणून गिअरही टाकायचा. काही ऑटोमॅटिक गाड्यांना ‘पी’ची खाच नसते, हे उतरल्यावर कळून उपयोग नाही. आपल्या घाटातला क्लीनर एवढं सगळं न शिकता गाडी थांबली की उडी मारतो आणि चाकाला दगडाची उटी लावतो.

आता कोपरा. वीतभर चीर पडली होती, बाहेरून किरकोळ दिसणारी. पण मोटरहोमची भिंत मोटारीच्या पत्र्यासारखी नसते. बाहेर फायबरचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, मध्ये फोम, आत प्लायवूड, आणि बऱ्याच गाड्यांत लाकडी पट्ट्या. पत्र्याला पोचा आला तर तो पोचाच राहतो. या भिंतीला चीर पडली तर तिथून पाणी आत शिरतं आणि भिंत आतून कुजत जाते. म्हणून दुरुस्ती होईल तेव्हा होवो, चीर आधी बंद करायची. राखणदारांनी ती जागा फडक्याने कोरडी केली आणि रुंद चंदेरी टेप वरून खाली न लावता खालून वर, एकावर एक चढवत लावला, कौलं शाकारावीत तसा. मी गॅसची टाकी बंद करून नळी तपासली. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून या गाड्यांच्या जमिनीला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, आणि थंडी येते म्हणून ती बुजवायची नसतात. बायकोने तोवर चहूबाजूंनी फोटो काढले. खुंटाचे, जमिनीवरच्या खुणांचे, टेप लावण्याआधीचे आणि नंतरचे.

दुसऱ्याच्या मालमत्तेला धक्का लागला तर तिथला कायदा मालकाला ४८ तासांच्या आत कळवायला सांगतो. मालक सापडला नाही तर ६० तासांच्या आत पोलिसांना. माझा प्रश्न सोपा होता, मालकांचा माणूस गुडघ्यावर बसून माझीच गाडी पुसत होता. गाडी देणाऱ्यांना फोन केला तेव्हा मात्र करारपत्र पहिल्यांदा नीट वाचलं. नुकसानीतला पहिला हिस्सा आपला, आणि मोटरहोमच्या बाबतीत तो तिकडे ५,००० ते ७,५०० डॉलरच्या घरात असू शकतो. जादा पैसे भरून तो कमी करता येतो, पण छताचं आणि तळाचं नुकसान, चुकीचं इंधन, खाऱ्या पाण्यात गेलेली गाडी आणि रुतलेली गाडी काढण्याचा खर्च हे अनेकदा त्यातूनही वगळलेलं असतं. म्हणजे जे होण्याची शक्यता जास्त, नेमकं तेच. काही रस्तेच मना असतात. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड, आणि उत्तरेतला नाइन्टी माइल बीच, जो प्रत्यक्षात नव्वद मैल नसून सुमारे ८८ किलोमीटर आहे. त्या वाळूवरून बसगाड्या धावतात, भाड्याची मोटरहोम न्यायची नाही.

महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा या गाड्या आपल्याकडेही वाढतील. आपल्या जमिनीचा मात्र हिशोब वेगळा आहे. कोकणातला जांभ्याचा कातळ कितीही पावसात गाडी पेलतो, पण तिथून शंभर पावलांवरची वाळू पेलत नाही, आणि दर सुट्टीत एखादी मोटार भरतीच्या पाण्यात उभी दिसतेच. वाळूत रुतलं तर टायरमधली हवा कमी करून त्याचा जमिनीवरचा ठसा लांबवायचा. देशावरची काळी माती सगळ्यात फसवी. उन्हाळ्यात दगडासारखी, तिच्यावर दहा टनांचा ट्रक जातो. एक चांगली सर पडली की ती फुगते, चाकाला आणि मडगार्डला चिकटून बसते आणि मग गालिच्याने काही होत नाही. नांगरट झालेल्या रानात पावसाळ्यात बैलगाडी कोणी घालत नाही, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

राखणदारांनी पैसे घेतले नाहीत. खुंटाला दोन लाथा मारून त्यांनी तो बराचसा सरळ केला, नळ सोडून बघितला, पाणी आलं. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. जाताना मला एकच गोष्ट म्हणाले, की बाहेर उभं राहणाऱ्याला आरशात तुझा चेहरा दिसत नसेल तर तुलाही तो दिसत नाही.

त्या दिवशी गाडी चालवताना आम्ही दोघांनी याच्यावरच चर्चा केली. मी डावीकडे म्हणजे स्टिअरिंगची डावी समजत होतो, ती शेपटीची डावी सांगत होती. ती “येऊ दे” म्हणाली ते मला बंद काचेतून “राहू दे” ऐकू येई. एसटीत हा घोळ नसतो. गाडी मागे घ्यायची तर कंडक्टर खाली उतरतो, मागच्या कोपऱ्यापाशी उभा राहतो आणि शिट्टी वाजवतो. शिट्टी चालू आहे तोवर यायचं, थांबली की थांबायचं. शब्दच नाहीत, म्हणून गैरसमज नाही. ओमारामाला पेट्रोल भरताना तिने दुकानातून मेंढपाळांची एक शिट्टी घेतली, ती काही केल्या वाजेना. मग हात वर केला की थांब, एवढंच ठरलं. शिवाय ज्या बाजूला वळायचं तिच्या उलट बाजूला तिने उभं राहायचं.

संध्याकाळी पुढच्या कॅम्पवर पोचलो तेव्हा अजून उजेड होता. खडीचा प्लॉट रिकामा होता, पण सरोवर दिसत होतं ते गवतावरून. मी गाडी रस्त्यावरच उभी केली. काही न बोलता ती उतरली. आधी वर फांद्यांकडे बघितलं, मग गवतावर चार पावलं गेली आणि बुटाची टाच जमिनीत दाबून बघितली. दुसरीकडे दाबली. परत आली, आरशात मला दिसेल अशी उभी राहिली आणि खडीकडे हात केला.